ओटा आणि ओव्हन : भोपळ्याच्या महिन्यातले तुमचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की ह्या सदराच्या मेलपेटीत भोपळेच भोपळे. निम्म्या लोकांना तो कोरायचाय, निम्म्यांना खायचाय, आणि काही जणांनी जो कोरायचा तोच खाल्ला आणि आता मला विचारतायत की हे असं का झालं. तर सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

ताई, मागच्या वर्षी मुलांना घेऊन पंपकिन पॅचला गेलो होतो, त्यांनी हट्टाने भला मोठा केशरी भोपळा उचलला. हॅलोवीन झाल्यावर टाकवेना म्हणून मी मेथीदाण्याची फोडणी देऊन आईसारखी भाजी केली, तर नुसतं पाणी आणि धागे, चव म्हणून नाही. नवरा म्हणतो अमेरिकेतल्या भोपळ्याला चवच नसते. खरंय का? – एडिसन, न्यू जर्सी

नवऱ्याला सांग की भोपळ्याला चव असते, फक्त ह्या भोपळ्याला नसते. पॅचवर जो मोठा, खोल रेषांचा, जाड देठाचा मिळतो तो बहुतेक वेळा हाउडन किंवा त्याच्या कुळातला असतो, जॉन हाउडन नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्याने तयार केलेलं वाण. ते निवडलंच गेलं दिसण्यासाठी, म्हणजे आकार छान, देठ पकडायला मजबूत, साल कोरायला बरी आणि उभं केलं की नीट बसतं. आतला गर पाणचट आणि धाग्याधाग्यांचा निघणार, त्यात मेथीदाणे काय करतील बिचारे.

खायला हवा असेल तर त्याच बाजारात छोटा, गोलसर, दोन-तीन किलोचा मिळतो त्यावर 'शुगर पंपकिन' किंवा 'पाय पंपकिन' लिहिलेलं असतं, तो घे. आणि भाजीच करायची असेल तर मी तर म्हणेन सरळ बटरनट नाहीतर काबोचा आण, किंवा इंडियन स्टोअरमध्ये कापून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लाल भोपळ्याची फोड मिळते ती आण. आपल्याकडचा लाल भोपळा (तुमच्या माहेरी डांगर म्हणत असतील) बहुतेक करून मोशाटा ह्या जातीतला, बटरनट पण त्यातलाच, आणि हॅलोवीनचा केशरी भोपळा पेपो जातीतला, झुकिनीचा भाऊ. नातं लक्षात आलं की चवीचं कोडं सुटतं.

आणि एक, कोरून आठवडाभर पोर्चवर ठेवलेला भोपळा नंतर शिजवू नकोस ग. खारी तोंड लावून गेलेल्या असतात, आत मेणबत्तीचा धूर, बुरशी... नकोच ते.

मी पुण्यात असते, मुलगी शिकागोला. तिच्याकडे खाल्लेला पंपकिन पाय डोक्यातून जात नाही पण इथे डबाबंद पंपकिन मिळाला तर तो इम्पोर्टेड, परवडत नाही. आपल्या लाल भोपळ्याचा होईल का? घरी ओटीजी आहे. – कोथरूड

होईल का म्हणजे काय, तिकडच्या ताज्या केशरी भोपळ्यापेक्षा सरस होईल. गंमत अशी आहे की अमेरिकेत ज्या डब्यातून घरोघरी पाय होतो तो लिबीजचा डबा, त्याचा कारखाना इलिनॉयमधल्या मॉर्टन गावात, आणि डबाबंद भोपळ्याचा बहुतेक सगळा माल तिथूनच येतो, गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. तर त्या डब्यात डिकिन्सन नावाचं वाण असतं, बाहेरून केशरी नाहीच, मातकट रंगाचं लांबट फळ, आणि जात तीच, मोशाटा. म्हणजे तुमच्या मंडईतला लाल भोपळा त्या डब्याचा सख्खा नातेवाईक झाला.

एक किलोची फोड घ्या, गर्द केशरी आतून, बोटाने दाबल्यावर घट्ट लागणारी. साल-बिया काढून मोठे तुकडे करा आणि कुकरमध्ये भांड्यात कोरडेच ठेवून, भांड्यात पाणी अजिबात न घालता, दोन शिट्ट्या करा. आता महत्त्वाचं. नुसतं कुस्करून वापरलंत तर पाय थबथबीत होणार हे लिहून ठेवा, कारण डब्यातला गर आधीच आटवलेला असतो. म्हणून कुस्करलेला गर चक्का बांधतो तसा मलमलच्या कपड्यात तासभर टांगा, मग जाड बुडाच्या कढईत काही न घालता पाच-सात मिनिटं परता. उलथनं फिरवल्यावर मागे कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसायला लागला, गर गोळा व्हायला लागला, की झालं. वजन करा, ४२५ ग्रॅम हवाय, तेवढाच अमेरिकेतल्या डब्यात असतो. मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या.

दुसरं, तिकडे एव्हॅपोरेटेड मिल्क घालतात, ते म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध. कंडेन्स्ड मिल्क नाही हं, ते गोड असतं आणि ह्यात घातलं की सगळं गणित बिघडतं. घरी पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त फुल फॅट दूध ३५० मिली होईपर्यंत आटवा, साय ढवळून मोडत रहा, गार करा.

सारण : गर ४२५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दालचिनी पूड १ छोटा चमचा, सुंठ अर्धा, लवंग पूड पाव, मीठ अर्धा, अंडी २, आटवलेलं दूध ३५० मिली. व्हिस्कने हलवायचं, फेटायचं नाही, फेस झाला की वर बुडबुडे राहतात. तिकडे 'पंपकिन पाय स्पाइस' नावाची बाटली मिळते, मॅककॉर्मिकने ती १९३४ साली आणली, नाव ऐकून लोकांना वाटतं त्यात भोपळा आहे, नसतो, दालचिनी-सुंठ-जायफळ-लवंग असला आपल्याच डब्यातला माल. वेलची मात्र घालू नका, वेलची घातली की जिभेला वाटतं खीर खातोय, पाय राहतो बाजूला.

कवच : मैदा १६० ग्रॅम, चिमूट मीठ, थंडगार बटर ११५ ग्रॅम, बर्फाचं पाणी ३-४ मोठे चमचे. पुण्यात ऑक्टोबर हीटमध्ये बटर हातात विरघळतं म्हणून ते फ्रीझरमध्ये टणक करून किसणीवर किसा आणि मैद्यात मिसळा, पाणी जेमतेम गोळा होईल इतकंच. गोळा तासभर फ्रीजमध्ये. लाटून ९ इंची खोलगट भांड्यात बसवा, काट्याने टोचे मारा, वर बटर पेपर टाकून त्यात राजमा किंवा हरभरे भरा आणि १९० अंशावर पंधरा मिनिटं भाजा, कडधान्य काढून अजून पाच-सात मिनिटं. हे टाळलंत तर तळ कच्चा राहील, ओटीजीमध्ये तर नक्कीच, कारण खालची कॉइल तेवढी तापत नाही.

मग सारण ओता, २२० अंशावर १५ मिनिटं, नंतर १७५ वर ४० ते ५० मिनिटं. कडा घट्ट आणि मधला वाटीएवढा भाग भांडं हलवल्यावर थरथरतोय अशा वेळी ओव्हन बंद. लोक तो मधला भाग घट्ट व्हायची वाट बघतात आणि मग वर भेग पडते, ती भेग म्हणजे अंडं जास्त शिजलं. दार थोडं उघडं ठेवून आतच निवू द्या. पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये, चार तास तरी, आणि कापायची घाई करू नका.

अंडं नको असेल तर दोन अंड्यांच्या जागी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर थोड्या गार आटवलेल्या दुधात कालवून घाला. कापताना किंचित मऊ लागतो पण चव तीच.

ताई मी डॅलसला मास्टर्स करतोय, आई घारगे करायची ते खायची फार इच्छा झालीय. वॉलमार्टमधून पंपकिनचे दोन कॅन आणलेत पण लेबलवर पाय मिक्स लिहिलंय. चालेल ना? आणि पुरीसारखे तेल पितात का ते?

नाही चालणार रे बाळा. पाय मिक्समध्ये साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते, घारगा ख्रिसमस केकसारखा लागेल. एकसारखे दिसणारे दोन कॅन शेजारी शेजारी ठेवतात, त्यामुळे अर्धी अमेरिका दरवर्षी इथे फसते. मागचं इन्ग्रेडियंट वाच, फक्त 'पंपकिन' एवढंच लिहिलेलं हवं. मिक्सचे कॅन रूममेटला दे, तो पाय करेल.

साध्या कॅनमधला एक कप गर, पाऊण कप किसलेला गूळ, कढईत एकत्र करून गूळ विरघळून मिश्रण दाट होईपर्यंत शिजव, चिमूट मीठ आणि जायफळ. गार होऊ दे, पूर्ण गार. मग त्यात मावेल तेवढी कणीक, साधारण दोन कपांच्या आसपास लागते पण कॅनवर अवलंबून आहे, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पीठ पुरीच्या कणकेहून घट्ट हवं, आणि अर्ध्या तासाच्या वर ठेवू नकोस, गुळाला पाणी सुटत जातं आणि मग पीठ सैल पडतं आणि मग तू अजून कणीक घालतोस आणि घारगे दगड होतात. झिपलॉक कापून त्याला तेलाचा हात लाव, त्यावर थापून वर खसखस दाब, पुरीच्या दुप्पट जाडीचे. मध्यम आचेवर तळ, मोठ्या आचेवर गूळ जळून बाहेरून काळे आणि आत कच्चे. तेल प्यायले तर समज की पीठ सैल होतं नाहीतर तेल गार होतं, तिसरं कारण नाही. अपार्टमेंटचा स्मोक अलार्म लक्षात ठेव म्हणजे झालं.

आम्ही फिनिक्सला, ऑक्टोबरमध्येसुद्धा तीस-बत्तीस डिग्री. कोरलेला भोपळा तिसऱ्या दिवशी बसतो, आत काळी बुरशी. शेजाऱ्यांचा नीट राहतो. काय करतात ते?

बहुधा ते उशिरा कोरतात! तुमच्या हवेत हॅलोवीनच्या आदल्या दिवशीच कोरा, त्याला दुसरा उपाय नाही. न कोरलेला भोपळा सावलीत कोरड्या जागी महिना-दोन महिने आरामात राहतो, सुरी लागली की घड्याळ सुरू होतं. बाकी थोडं लांबवता येतं ते असं की झाकण वरून न कापता तळाला भोक करा, देठ शाबूत राहतो, आतला ओलेपणा खाली जातो, आणि दिव्यावर भोपळा नुसता ठेवता येतो. आतून चमच्याने खरवडताना कंजुषी नको, धागे राहिले की बुरशी तिथूनच धरते. मग एक गॅलन पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्यात बुडवा, उलटा करून पूर्ण वाळवा, कापलेल्या कडांना व्हॅसलीनचं बोट फिरवा. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा, मेणबत्ती आतून भोपळा शिजवते. रात्री जागा असली तर फ्रीजमध्ये.

कोरायला स्वयंपाकाची मोठी सुरी वापरू नका, ती सालीत अडकते, जोर लावला की निसटते, आणि दरवर्षी ह्या दिवसांत लोक हात कापून इमर्जन्सीत जाऊन बसतात. किटमधली ती खेळण्यासारखी दिसणारी छोटी करवत असते ना, तीच बरी. (आयर्लंडमध्ये मुळात हे कोरीवकाम सलगमावर करायचे, अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला. सलगम पोखरून बघा एकदा, मग भोपळ्याबद्दल तक्रार राहणार नाही.)

माझ्या दुसरीतल्या मुलीच्या शाळेत 'स्टोरीबुक पंपकिन' आहे, म्हणजे गोष्टीतलं एखादं पात्र भोपळ्यावर करून आणायचं, कोरायचं नाही. सगळ्यांचं तेच तेच असतं, मिनियन नाहीतर प्रिन्सेस. आपलं काही सुचवाल का? – नेपरव्हिल, इलिनॉय

अहो, जिच्या गोष्टीत भोपळा हेच वाहन आहे ती म्हातारी असताना दुसरं कोणी कशाला! लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन भोपळ्यात बसून परत येणारी. दुसऱ्या कोणाकडे भोपळ्याला एवढं मोठं काम असलेली गोष्ट नसणार.

भोपळा उभा नको, आडवा ठेवा, देठ बाजूला, म्हणजे गडगडत चाललाय असं वाटतं. खाली हलू नये म्हणून सेलोटेपच्या रिकाम्या रिंगवर टेकवा. भोपळ्याच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी रबिंग अल्कोहोलने पुसा, मग ॲक्रिलिक रंगाने एक खिडकी रंगवा, पांढऱ्या रंगाचा एक हात मारून वाळू द्या आणि वर बाकीचे. खिडकीत म्हातारीचा चेहरा मुलीलाच काढू दे, वाकडा आला तर जास्त छान. केस कापसाचे, अंबाडा घालून. डोक्यावरून जुन्या सुती साडीचा काठ, फॅब्रिक ग्लूने. चष्मा पाइप क्लीनरचा. काठीला अंगणातली काटकी. सीरियलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे वाघ आणि कोल्हा कापून समोर उभे करा, तोंड वासून.

टीचरसाठी छोटं कार्ड जरूर लिहा, कारण कोणालाच गोष्ट माहीत नसते : आजी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ-कोल्हा म्हणाले तुला खातो, ती म्हणाली आत्ता मी हडकुळी आहे, जाड होऊन आले की खा, आणि येताना भोपळ्यात बसून त्यांना चकवून घरी आली. दुसरीतल्या पोरांना एवढं पुरतं. ग्लूगनचं काम तुमचं, तिचं नाही.

पोर्चवर एकीकडे आकाशकंदील आणि एकीकडे कवटीचा भोपळा, सासूबाईंना बघवत नाही. काही सुवर्णमध्य? – टोरांटो

सासूबाईंचं चुकलं असं नाही म्हणवत, २०२४ ला तर दिवाळी आणि हॅलोवीन ३१ ऑक्टोबरलाच आले होते आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटाशेजारी प्लॅस्टिकचे सांगाडे होते घरोघरी. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते तेव्हा पोर्चवर बघायला मिळालं.

भोपळ्यावर चेहरा कोरण्याऐवजी ठिपक्यांची रांगोळी ड्रिल करा. कागदावर ७ ते ४ ठिपक्यांची रांगोळी काढा, कागदाला कडेने थोड्या चिरा द्या म्हणजे गोलाईवर बसेल, चिकटपट्टीने लावा, प्रत्येक ठिपक्यावर टाचणीने टोचा, कागद काढा, आणि टोचलेल्या जागी ड्रिल. ठिपक्यांना जाड बिट, जोडणाऱ्या रेषेवर बारीक बिटची भोकं जवळजवळ. त्या बाजूची भिंत आतून आधी खरवडून इंचभर जाडीची करून घ्या नाहीतर बिट आरपार जात नाही आणि उजेड येत नाही. ड्रिल हळू वेगात, भोपळा ओल्या टॉवेलवर, कोणीतरी धरलेला. चेहरा कापण्यापेक्षा हे भोपळ्याला सोसतंही बरं, मोठी खिंडारं नाहीत ना. आत दिवा ठेवल्यावर सासूबाई स्वतः फोटो काढून ग्रुपवर टाकतील.

काही घरांपुढे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला असतो, ते नुसतं डेकोरेशन की काही खूण?

खूण. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध वगैरेची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ह्या घरी चॉकलेटऐवजी स्टिकर, पेन्सिल, बाउन्सी बॉल असं काही मिळेल असा त्याचा अर्थ. फेअर नावाच्या फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये हे देशभर पसरवलं. डॉलर स्टोअरमधून एक पाकीट आणा आणि तुम्हीपण ठेवा.

बिनअंड्याचा पंपकिन ब्रेड वरून मस्त फुगतो, रंग येतो, पण मध्ये हलव्यासारखा गिच्च. जास्त वेळ ठेवला तर कडा कडक. कंटाळले. – सनीव्हेल

भोपळ्याचा गर म्हणजे पाणीच की ग, आणि अंडं नसलं की ते पाणी धरून ठेवणारं कोणी नाही. बहुतेकांना वाटतं डब्यातला सगळा गर वापरला तर चव जास्त येईल, आणि तिथेच लोफ बसतो. एका लोफला एक कप (२४५ ग्रॅम) बस झाला, उरलेल्याचे घारगे कर, वर लिहिलेत. पावणेदोन कप मैदा, एक छोटा चमचा बेकिंग सोडा, अर्धा बेकिंग पावडर, अर्धा मीठ, दोन छोटे चमचे पंपकिन पाय स्पाइस एकीकडे. गर, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, पाव कप आंबट दही, पाव कप दूध दुसरीकडे. एकत्र केल्यावर कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब, तुला सवय आहे ढवळत बसायची हे पत्रावरूनच कळतंय, त्याने लोफ चिवट होतो.

१७५ अंश म्हणजे ३५० फॅरनहाइट, ५५ ते ६५ मिनिटं, पस्तीस मिनिटांनी वर फॉइलचा तुकडा नुसता टेकवून ठेव म्हणजे वरचा रंग थांबेल आणि मधलं शिजत राहील. गडद रंगाचा टिन असेल तर कडा कडक होण्याचं ते एक कारण. टूथपिकवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, ती भेगेतून घातली की कोरडीच येते. थर्मामीटर असेल तर मध्यभागी २०० फॅरनहाइटच्या वर गेलं की काढ. आणि ओव्हनचा आकडा खरा असतो असं नाही, सात-आठ डॉलरचा आतला थर्मामीटर आणून बघ, बऱ्याच भाड्याच्या घरांतले ओव्हन खुशाल खोटं बोलतात.

भोपळ्याचा जॅम (पंपकिन बटर) करून छोट्या बरण्यांत भरून दिवाळीला मैत्रिणींना द्यायचाय. बरण्या उकळत्या पाण्यात सील केल्या की बाहेर टिकेल ना?

नाही. ह्या एका बाबतीत मी कडक आहे. आंबा, आवळा, लिंबू आंबट असतात म्हणून त्यांचं ते चालतं, भोपळ्यात आंबटपणा नाही आणि गर इतका दाट की उष्णता मध्यापर्यंत पोचेल याची खात्री नाही, बॉट्युलिझमचा (बंद बरणीतल्या अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा) धोका खरा आहे. अमेरिकेतलं कृषी खातं भोपळ्याचा गर किंवा बटर घरी कॅन करू नका असंच सांगतं, प्रेशर कॅनर (वाफेच्या दाबाखाली बरण्या सील करायचं मोठं भांडं) असला तरी. फक्त फोडी चालतात, त्याही प्रेशर कॅनरमध्येच. जॅम जरूर कर, बरण्या फ्रीझरमध्ये ठेव, वर जागा सोडून भर, आणि देताना झाकणावर 'फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा' अशी चिठ्ठी चिकटव.

ट्रेडर जोजमध्ये रंगीबेरंगी, गाठीगाठीचे छोटे भोपळे मिळतात, त्यांची भाजी?

नको, ते टेबलावर मांडायचे. कडू निघू शकतात आणि तो कडूपणा शिजवून जात नाही, पोट बिघडतं. आपल्या घरी दुधी चिरताना तुकडा चाखून बघायची पद्धत आहे ना, तीच इथेही, कुठलाही भोपळा असो, कडू लागला की थुंका आणि अख्खा फळ फेका.

शेवटचा : कोरताना एवढ्या बिया निघतात, सोलायच्या कशा?

सोलायच्या नाहीत. धाग्यांसकट पाण्याच्या पातेल्यात टाका, हाताने चोळा, बिया वर तरंगतात. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, चाळणीत निथळा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करा (पेपर टॉवेलला चिकटून बसतात, जुनं पंचा-धोतरच बरं), चमचाभर तेल लावून १६० अंशावर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. कोरायच्या भोपळ्याच्या बिया खायला काहीच हरकत नाही, गर बेचव असला तरी. गरम असतानाच तिखट, जिऱ्याची पूड आणि आमचूर. पोरं सालीसकट खातात, थोड्या जाड लागल्या तर लसूण आणि सुक्या खोबऱ्याबरोबर कुटून कोरडी चटणी करा, भाकरीबरोबर छान लागते.